अंगणातला शिंजीर आणि वहीतलं शून्य



पेट झाली, नेट-सेटचा निकाल लागला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: विषय कुठून आणायचा? त्यात जीवशास्त्राच्या मुलांना वाटतं, एकतर मोठी प्रयोगशाळा हवी, नाहीतर ताडोबा-मेळघाटात महिनोनमहिने राहायची सोय हवी. बुलडाण्यात, चिखलीत, मलकापुरात घरी बसून कसलं संशोधन होणार? मग सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपण कधीही न पाहिलेल्या प्राण्यावरचा विषय कुठूनतरी उचलून कागदावर उतरतो. मुलाखतीतल्या पहिल्याच उपप्रश्नाला तो ढासळतो, कारण त्या प्राण्याकडे आपण सलग तासभरही पाहिलेलं नसतं.

म्हणून आज अंगणातल्या पाखरांवर लिहितोय. दिवसही तसेच आहेत. फाल्गुन सरत आलाय, राजूर घाटात पळस पेटलाय, कडुनिंबाला अजून मोहर यायचाय. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलडाणा, चिखली, मेहकर. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव. घाटावर या दिवसांत सकाळी अजून गारवा असतो, तेव्हा घाटाखाली पंखे सुरू झालेले असतात. एकाच जिल्ह्यात वसंत दोन वेळा येतो म्हणा ना. (हे वाक्य गंमत म्हणून लिहिलं, पण यात एक विषय दडलाय. पुढे येईलच.)

या महिन्यात अंगणात काय काय दिसतं? जांभळा शिंजीर, म्हणजे तो इवलासा सूर्यपक्षी. थंडीत मळकट दिसणारा नर आता उन्हात जांभळा-निळा चमकतो. मादी मात्र वर्षभर साधीच, पण घरटं बांधायचं आणि अंडी उबवायचं काम तिच्याकडे. कोळ्याची जाळी, सुकी पानं, कसला कसला कचरा गोळा करून ती लोंबती पिशवी विणते, कधी बोगनवेलीला, कधी चक्क वायरीला. तांबट दुपारच्या उन्हात टुक्-टुक् करत बसतो, जणू कुणी तांब्याचं भांडं ठोकतंय, आणि शेवग्याच्या वाळक्या फांदीत चोचीने ढोली कोरतो. शिंपी पानं शिवतो. दयाळ पहाटे शीळ घालतो. सातभाई कुंपणाखालचा पाचोळा उलटापालटा करत भांडतात. आणि पळसावर भोरड्यांचे थवे, मध पिऊन पिऊन तोंडं परागाने पिवळी झालेली. ज्वारीच्या शेतात याच पाहुण्यांना आपण गोफणीने हाकलतो. एप्रिलपर्यंत त्या मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशात परत जातात, तिकडे त्यांची वीण होते.

आनंद घ्यायला एवढं पुष्कळ आहे, आणि आनंद घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पण तुम्हाला संशोधनाकडे जायचंय. तर या आनंदाचं प्रश्नात रूपांतर नेमकं कुठे होतं, तेवढंच आज बघू.

टीव्हीवरचा वसंत

आपल्यातल्या बऱ्याच जणांना प्राण्यांची गोडी टीव्हीने लावली, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही. आमच्याकडे संध्याकाळी मालिकांचं राज्य. प्राण्यांचं चॅनल लागायचं ते दुपारी, लाइट असली तर. डेव्हिड अॅटनबरो यांची पक्ष्यांवरची दहा भागांची मालिका १९९८ साली आली. ती मी फार उशिरा पाहिली, पण पाहिल्यावर आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. ब्रिटनमध्ये तर २००५ पासून बीबीसीवर 'स्प्रिंगवॉच' नावाचा कार्यक्रम लागतो. वसंतात घरट्यांजवळ छोटे कॅमेरे लावतात, आणि रात्री जेवणं झाली की लोक टीव्हीसमोर बसून बघतात: आज अंडं फुटलं का, पिल्लाला आळी मिळाली का. त्यांचा वसंत मे-जूनपर्यंत रेंगाळतो. आपल्याकडे तेव्हा अंगाची लाही होत असते.

घरट्यातला कॅमेरा ही मोठीच सोय आहे. आपण डोकावलो तर मादी उडून जाते, कॅमेऱ्याला ती सरावते. पण टीव्हीवर जे दिसतं त्यात एक गोष्ट नेहमी कापलेली असते: वाट पाहणं. कॅमेरामन माणूस तीन आठवडे झुडपात बसला, त्यातली चार मिनिटं आपल्याला दिसली. बाकीच्या वेळात काहीच घडलं नाही. कार्यक्रमाच्या दृष्टीने तो वेळ वाया गेला, संशोधनाच्या दृष्टीने तोच वेळ माहिती होती. चार मिनिटांचं दृश्य किती तासांत एकदा घडतं, हे कळल्याशिवाय ते दृश्य नेहमीचं की दुर्मीळ, हे सांगता येत नाही.

शिवाय दृश्य कुठलं आहे हेही विचारावं लागतं. २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट' मालिकेत ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिल्लांचं दृश्य होतं. ते प्राणिसंग्रहालयात चित्रित केलेलं निघालं आणि ब्रिटनमध्ये बराच गदारोळ झाला. निर्मात्यांचं म्हणणं, बर्फातल्या खऱ्या बिळात कॅमेरा घातला तर पिल्लांच्या जिवावर बेतेल. मला ते पटतं, फक्त पडद्यावरच स्पष्ट सांगायला हवं होतं. त्याहून वाईट प्रकार १९५८ च्या डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस' या माहितीपटाचा. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या मारून सामूहिक आत्महत्या करताना दाखवले. ते दृश्य घडवून आणलेलं होतं, हे पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या एका टीव्ही कार्यक्रमाने उघड केलं. पण लेमिंग आत्महत्या करतात, हा समज आजही लोकांच्या डोक्यातून जात नाही.

टीव्ही काय निवडतो हे पाहायला लांब जायलाही नको. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. तेलंगणातून वळसा घालत, शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत वर्षअखेरीस तो आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं की तेराशे किलोमीटर चालला. सगळ्या चॅनलवर बातमी. जिल्ह्याचं नाव देशभर गेलं, आम्हालाही छाती फुगवायला निमित्त मिळालं. त्याच ज्ञानगंगेतल्या सातभाईंची बातमी कधीच होणार नाही, आणि त्यात टीव्हीची चूक नाही. मात्र पीएचडीसाठी कॉलर लावलेला वाघ शंभरात एकालाही मिळणार नाही. सातभाई सगळ्यांना मिळतात.

शून्य का लिहायचं

आता वहीकडे येऊ. माझी पद्धत अगदी साधी आहे. रोज सकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी पंधरा मिनिटं बसायचं. जे जे पक्षी दिसले किंवा ऐकू आले आणि नक्की ओळखता आले, ते सगळे लिहायचे. तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, ऊन की ढग, आणि पक्षी. वेळ ठरलेली हवी, कारण सकाळी सातचं अंगण आणि अकराचं अंगण ही दोन वेगळी अंगणं असतात.

यातला कळीचा शब्द 'सगळे'. नवखा माणूस विशेष काही दिसलं तरच लिहितो. "आज शिंजीर आला!" असं महिनाभरात अठरा वेळा लिहिलं. याचा अर्थ काय? काहीच नाही. कारण उरलेल्या बारा दिवशी तुम्ही बसलात आणि शिंजीर आला नाही, की तुम्ही बसलातच नाही, की आला होता पण आता त्याचं कौतुक उरलं नाही म्हणून लिहिला नाही, यातलं काय झालं ते कुणालाही कळत नाही. तुम्हालाही नाही, सहा महिन्यांनी तर नाहीच. याउलट समजा तीस दिवस तुम्ही रोज पंधरा मिनिटं बसलात, बारा दिवस शिंजिरापुढे शून्य लिहिलं आणि अठरा दिवस खूण केली. आता तुमच्या हातात एक संख्या आहे: तीसपैकी अठरा, म्हणजे साठ टक्के. ती पुढच्या वर्षीशी, शेजारच्या गल्लीशी, घाटाखालच्या अंगणाशी ताडून पाहता येते. सगळी करामत त्या बारा शून्यांची.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो, तो याच तत्त्वावर चालतो. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, २०१३ पासून जगभर खुला झाला आणि तेव्हापासून भारतातले लोकही भाग घेतात. किमान पंधरा मिनिटं पक्षी बघायचे आणि यादी 'ई-बर्ड'वर भरायची. यादी भरताना तिथे एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले का? घाईघाईत आपण त्यावर टिचकी मारून पुढे जातो, पण अख्ख्या पद्धतीचा कणा तोच प्रश्न आहे. 'हो' म्हटलं की यादीत जे नाही त्याचाही अर्थ लावता येतो. त्याच दिवसांत कॉलेजांसाठी 'कॅम्पस बर्ड काउंट' असतो. तुमच्या कॉलेजात होत नसेल तर पुढच्या फेब्रुवारीत चार मुलं जमवून सुरू करा, विभागप्रमुख नाही म्हणणार नाहीत, कारण खर्च शून्य.

आमच्या आजीला हे सगळं खुळचटपणाचं वाटतं. "काऊन रे बापू, रोज रोज तेच पाखरं काय मोजून रायला? पयलेसारखी पाखरं रायली का आता?" हा तिचा ठरलेला प्रश्न. तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सत्तर वर्षं एकाच गावच्या अंगणात बसलेल्या माणसाची नजर आहे ती. पण संशोधक म्हणून विचारावं लागतं: कुठली पाखरं कमी झाली, किती, कधीपासून? आजी चिमणीचं नाव घेते. आता गंमत बघा. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या याद्या एकत्र करून २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात चिमणीची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत देशपातळीवर साधारण स्थिर दिसली, सहा महानगरांत मात्र हळूहळू घट दिसली. म्हणजे 'चिमण्या संपल्या' हे वाक्य कुठल्या जागेबद्दल बोलतोय त्यावर खरं किंवा खोटं ठरतं. आजीच्या अंगणातली चिमणी गेली असेलही. कौलं आणि माळवदं जाऊन स्लॅब आले, वळचणी बुजल्या, धान्य अंगणात पाखडायचं थांबलं. पण त्या अंगणात कुणी मोजून ठेवलं नव्हतं, त्यामुळे आता दोन्ही बाजूंनी फक्त बोलता येतं.

२०२३ च्या पुढच्या अहवालात तीस हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी वापरल्या. त्यात कोकीळ तीस वर्षांत पंचाहत्तर टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन आपण शुभ मानतो तो नीलपंख, म्हणजे आपला चास, तीस टक्क्यांहून जास्त घटलेला. दोन्ही पक्षी तसे ओळखीचेच. कोकिळाचं वाढणं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि चासाचं घटणंही फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. मोजलं म्हणून कळलं.

कोकिळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'वसंत आला की कोकीळ येतो' असं आपण सहज म्हणतो. आपल्या भागात तो बहुतेक वर्षभर असतोच, हिवाळ्यात गप्प असतो इतकंच. काळा नर दाट पानांत दडून बसतो, मादी ठिपक्याठिपक्यांची, दोघंही आवाज दिल्याशिवाय दिसणं मुश्कील. (आणि कुहू करणारा नर असतो, गाण्यांत काहीही म्हणोत.) तर जानेवारीच्या वहीत कोकिळापुढे शून्य आणि मार्चमध्ये रोज खूण, यावरून तो 'आला' असं म्हणता येत नाही. आपल्याला तो सापडायची शक्यता वाढली. संशोधनात पक्षी असणं आणि पक्षी सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात, आणि दोन्ही वेगळ्या काढायला खास संख्याशास्त्रीय पद्धती आहेत. मुलाखतीत विचारलं, "तुमच्या यादीतलं शून्य म्हणजे पक्षी नाही असंच ना?" तर घाईने हो म्हणू नका. मुलाखत घेणारा बहुधा त्याच उत्तराची वाट बघत असतो.

एका घरामागची वसाहत

भारतात अशा बसून पाहण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण रायगड जिल्ह्यातलं आहे. १९३० साली सलीम अली जर्मनीहून शिकून परतले तेव्हा त्यांच्या हातात नोकरी नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ती घरटी तुम्हीही पाहिली असतील, विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी. पावसाळ्यात ते त्या वसाहतीपाशी बसून राहिले, कोणता नर कोणतं घरटं बांधतोय, कोणती मादी कुठे शिरली, हे टिपत राहिले. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख आला. नर घरटं अर्धवट बांधतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका नराची अशी एकामागून एक कुटुंबं.

सुगरण तेव्हाही सगळ्या गावांना माहीत होती. तिच्या घरट्याचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं. पण कौतुक करणाऱ्या कुणीही 'हे घरटं कोणाचं आणि ते कोणाचं' हे रोज, क्रमाने लिहून ठेवलं नव्हतं. कौतुक एका घरट्याचं होतं. अलींनी अख्खी वसाहत पाहिली, तीही सलग. साधनसामग्री काय होती? बसायला जागा, दुर्बीण, वही. आणि, खरं बोलायचं तर, बेकारीमुळे मिळालेला वेळ. फेलोशिपची वाट पाहणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य फार मनावर घेऊ नये.

फुलावर बसला म्हणजे झालं का

पळसावर परत जाऊ. लालभडक फूल, मध भरपूर, पक्षी गर्दी करतात. कुठल्याही पुस्तकात 'पळसाचं परागीभवन पक्षी करतात' असं मिळेल. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष तपासलं आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. फुलांवर सात जातींचे पक्षी येत होते. त्यांतला खरोखर परागीभवन करणारा पक्षी एकच निघाला: आपला जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, खार. बाकीचे पाहुणे मध खाऊन जाणारे.

हे कसं ठरवतात? नुसतं बघून नाही ठरत. कळी उमलायच्या आधी तिच्यावर बारीक जाळीची पिशवी बांधायची, म्हणजे कुणी बसणार नाही. काही फुलं शेवटपर्यंत बंदच ठेवायची. काहींवर आपल्या हाताने दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे. काहींची पिशवी काढून फक्त एका पक्ष्याला एकदाच येऊ द्यायचं, लगेच पुन्हा बांधायची आणि मग भिंगाखाली बघायचं की कुक्षीवर परागकण पडले का, पुढे शेंग धरली का. बंद ठेवलेल्या फुलाला शेंग धरली तर पक्ष्याची गरजच नाही असं निघतं. हाताने पराग लावूनही धरली नाही तर दोष पक्ष्याचा नाही, झाडाला पाणी कमी पडलं असेल किंवा आणखी काही. एका साध्या वाक्याची खातरजमा करायला किती बाजू बंद कराव्या लागतात बघा.

आता तुमचा विषय. भोरड्यांचे एवढे मोठे थवे आपल्या पळसांवर येतात, तोंडं परागाने माखतात. राजूर घाटातल्या पळसावरही शिंजीर आणि खारच खरं काम करतात का? की इथे भोरडी वाटा उचलते? दुसऱ्या ठिकाणचा निष्कर्ष आपल्याकडे तपासून बघणं हा दुय्यम उद्योग नाही. मला तर नवशिक्यासाठी तोच सगळ्यात सुरक्षित आणि प्रामाणिक रस्ता वाटतो.

पाण्याचं भांडं

दर उन्हाळ्यात एक प्रकल्प हमखास होतो: 'पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवा'. ठेवाच. पण त्यावर प्रबंधिका लिहायची तर काय होतं? मार्चमध्ये मातीचं पसरट भांडं ठेवलं, मेपर्यंत पाखरं तिप्पट झाली, निष्कर्ष: भांड्यामुळे पक्षी वाढले. पण त्याच काळात ऊनही वाढलं, नाले आटले, पिल्लं घरट्याबाहेर पडली. भांडं नसतं तरीही अंगणात पाखरं वाढली असती का? याचं उत्तर एका अंगणातून कधीच मिळणार नाही.

निदान आठ-दहा अंगणं घ्या. निम्म्यांत भांडं ठेवा, निम्म्यांत नको, आणि कुणाकडे ठेवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, मैत्रीवरून नको. दोन आठवड्यांनी अदलाबदल करा. आता ऊन दोन्ही गटांवर सारखंच वाढतंय, फरक फक्त भांड्याचा. माझं यात एक ठाम मत आहे: हा प्रयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. मे महिन्यात, मलकापूर-नांदुऱ्याकडच्या उन्हात, सवय लागलेलं भांडं प्रयोगासाठी उचलून घेऊ नये. तसंच घरट्याचं. फोटोसाठी फांदी बाजूला करणं, पिल्लं मोजायला हात घालणं, हे नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणं शिकारीच्या व्याख्येतच धरलंय, पण कायदा नसता तरी नकोच. लांबून जेवढं दिसतं तेवढंच लिहावं.

आणखी एक खड्डा. तुमच्या अंगणात अठरा दिवस शिंजीर दिसला म्हणजे अठरा नमुने झाले का? बहुधा ती एकच जोडी आहे, अठरा वेळा पाहिलेली. एकाच झाडाखाली तीनशे तास बसलात तरी झाड एकच राहतं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला. आपल्या क्षेत्रातले कितीतरी शोधनिबंध या एका मुद्द्यावर परत पाठवले जातात. वर 'दोन वेळा वसंत' म्हटलं होतं तो घाटावर-घाटाखाली तुलनेचा विषय घ्यायचा तरी हेच लागू. वर एक अंगण आणि खाली एक अंगण घेतलं तर फरक घाटाचा की त्या दोन घरांचा, हे सांगता येणार नाही. वर सहा, खाली सहा घेतली, आणि अंगणातली झाडं साधारण सारखी असली, तर बोलता येईल.

मोजायची वेळ

आता हे सगळं मी सध्या ज्यासाठी वापरतोय ते सांगतो. आमच्या घरासमोर कडुनिंब आहे, आजी लग्न होऊन आली तेव्हाही होता म्हणते. रस्ता रुंद होणार आहे आणि गेल्या महिन्यात त्याच्या बुंध्यावर रंगाने आकडा टाकून गेले. रस्ता हवा की झाड, यावर घरात आणि गल्लीत जोरदार वाद चालू आहेत. पावसाळ्यात अॅम्ब्युलन्सचं चाक याच वळणावर रुतलं होतं, तेव्हा रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी वेडं म्हणू शकत नाही. पण झाड गेल्यावर कुणीतरी विचारेलच, "त्यावर होतं तरी काय?" आणि आजी म्हणेल, "लय पाखरं होती." तेवढ्यावर गोष्ट संपेल.

झाडाच्या 'आधी'ची नोंद फक्त आधीच घेता येते. म्हणून मी तीन कडुनिंब निवडलेत. एक हा खुणेचा, आणि त्याच रस्त्याने पुढे दोन, साधारण तेवढ्याच घेराचे, ज्यांच्यावर आकडा नाही. तिन्हींखाली आळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटं, सकाळी सात ते आठमध्ये, क्रम रोज बदलून, म्हणजे एकच झाड नेहमी पहिलं येणार नाही. उद्या समोरच्या झाडाजागी पक्षी घटले तर उरलेली दोन झाडं सांगतील की ही घट त्या वर्षाच्या उन्हाची की झाड गेल्याची. आणि उरलेल्या दोघांवर गर्दी वाढली तर पक्षी मेले नाहीत, सरकले, असंही दिसू शकेल. या रचनेला आधी-नंतर आणि बाधित-अबाधित अशी दुहेरी तुलना म्हणतात. पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करताना ती फार वापरतात. हर्लबर्ट असते तर म्हणाले असते, बाधित झाड एकच आहे, यावरून सगळ्या रस्त्यांबद्दल बोलू नकोस. बरोबर आहे. मी या एका रस्त्याबद्दलच बोलेन.

आतापर्यंतच्या वहीत तिन्ही झाडांवर तांबट, शिंजीर, बुलबुल, साळुंकी, होला, खार. समोरच्या झाडाच्या वाळक्या फांदीत तांबटाची ढोली, ती उरलेल्या दोघांकडे नाही, कारण त्यांची वाळकी लाकडं वीजवाल्यांनी तारांसाठी आधीच छाटलीत. या निरीक्षणाचं काय करायचं ते अजून ठरवतोय.

नोंदी कडुनिंबाला निंबोळ्या धरेपर्यंत तरी चालतील, त्याआधी करवत आली नाही तर. घाटाखाली कुणाच्या रस्त्यावर असे खुणा केलेले कडुनिंब असतील, आणि शेजारी खुणा नसलेले, तर कळवा. सकाळची पंधरा मिनिटं काढायची तयारी हवी, आणि वहीत शून्य लिहायची.